आधी जहाज, मग पुस्तक: सोलास-मार्पोलमधला आपल्याला लागू असलेला नियम कसा शोधायचा

मर्चंट नेव्हीतली आपल्या भागातली पोरं सुट्टीवर घरी आली की ओरल्सच्या, म्हणजे सर्टिफिकेटसाठीच्या तोंडी परीक्षेच्या, तयारीला लागतात, आणि ती तयारी बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘सोलास नोट्स फायनल’ असल्या पीडीएफवर चालते. (सोलास म्हणजे जहाज आणि माणसांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, मार्पोल म्हणजे समुद्र घाण होऊ न देण्याचा.) गाव दारव्ह्याकडचं असो, चिखलीकडचं की ब्रह्मपुरीकडचं, फाइल तीच. मग मुंबईत परीक्षा घेणाऱ्या सर्व्हेयरसमोर बसल्यावर ‘लाइफबॉय (पाण्यात पडलेल्याला फेकायचं तरतं कडं) किती लागतात?’ याला फाडकन ‘बारा’ असं उत्तर येतं, आणि ‘कोणत्या जहाजावर?’ म्हटलं की गाडी अडते. अभ्यास भरपूर झालेला असतो, फक्त उलट्या टोकाकडून.

सरळ टोक असं: आधी आपलं जहाज कागदावर मांडायचं. मग कन्व्हेन्शन (आंतरराष्ट्रीय करार), मग कोड (त्याला जोडलेली तपशिलाची नियमावली), मग तारीख, आणि शेवटी फ्लॅगचं (जहाज ज्या देशात नोंदलंय त्याचं) व कंपनीचं म्हणणं. हाच क्रम ओरल्सला कामी येतो आणि बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलचा (त्या बंदराच्या देशाचा) इन्स्पेक्टर जहाजावर चढतो तेव्हाही. जहाजावर ही पुस्तकं सेकंड मेटच्या (नॅव्हिगेशन बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात असतात. मी ते काम करतो, म्हणून कुठे काय चुकतं ते रोज डोळ्यासमोर येतं.

## तयारी: साइन ऑफ व्हायच्या आधी

घरी आल्यावर पुस्तक मिळत नाही, हे आधीच धरून चाला. सोलासची अधिकृत आवृत्ती विकत मिळते आणि ती स्वस्त नाही. तालुक्याच्या वाचनालयात ती असण्याचा प्रश्नच नाही. जहाजावर मात्र ती ब्रिजवर किंवा शिप्स ऑफिसात समोर पडलेली असते आणि आपण केबिनमध्ये मोबाइल बघत बसतो. म्हणून उतरायच्या आधीच, कॅप्टनला विचारून, एवढं गोळा करा:

- शिप्स पर्टिक्युलर्सची, म्हणजे जहाजाच्या मापं-तपशिलांच्या कागदाची, एक प्रत.
- कार्गो शिप सेफ्टी इक्विपमेंट सर्टिफिकेटला जोडलेला ‘फॉर्म ई’. जहाजावर कोणतं साधन किती आहे याची ही अधिकृत यादी. नियम वाचून झाल्यावर आपलं उत्तर ताडून बघायला याहून चांगला कागद नाही.
- जहाजावरच्या पुस्तकांची यादी, प्रत्येकाच्या आवृत्तीच्या वर्षासकट.
- एक जाड वही, त्यात स्वतःच्या हाताने उतरवलेली सोलासच्या सगळ्या चॅप्टर्सची अनुक्रमणिका.

सावधान: शिप सिक्युरिटी प्लॅनचा फोटो काढायचा नाही. तो गोपनीय असतो. ‘अभ्यासासाठी घेतला’ हे कारण कोणी ऐकून घेत नाही.

गावी आल्यावर एक दिवस चांगलं नेट मिळेल तिथे, नागपूर, अमरावती किंवा निदान तालुक्याला, काढा. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) संकेतस्थळावर रेझोल्यूशन्स, म्हणजे ठराव, फुकट वाचता येतात आणि तिच्या कागदपत्रांच्या आयएमओडॉक्स साइटवर सर्वसामान्यांनाही फुकट खातं उघडता येतं. डीजी शिपिंगच्या (भारताच्या जहाज प्रशासनाच्या) एमएस नोटीस, म्हणजे मर्चंट शिपिंगच्या सूचना, आणि सर्क्युलर्स त्यांच्या साइटवर आहेत. सगळं एकदाच उतरवून घ्या, फाइलच्या नावात रेझोल्यूशनचा नंबर आणि तारीख घाला. ‘न्यू डॉक्युमेंट १’ नावाच्या ढीगभर फायली लोडशेडिंगमध्ये काही कामाच्या नाहीत, राजेहो.

## टप्पा १: जहाजाची पाच कलमं

वहीच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहा: जहाजाचा प्रकार, ग्रॉस टनेज (जीटी), लांबी, बांधणीची तारीख, फ्लॅग. नियम लागू होतो की नाही हे बहुतेक वेळा या पाचांतच ठरतं.

पुढे सोयीसाठी एक काल्पनिक जहाज धरतो: बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं), जीटी ३२,०००, लांबी १९० मीटर, किल (जहाजाचा तळचा कणा) २०१० सालची, फ्लॅग भारताचा, डेडवेट ५८,०००.

डेडवेट मी मुद्दाम शेवटी टाकलं. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ‘अठ्ठावन्न हजाराचं जहाज’ असं आपण बोलताना म्हणतो ते डेडवेट असतं, म्हणजे जहाज किती वजन उचलतं ते. नियमांच्या पायऱ्या मात्र बहुतेक जीटीवर असतात, आणि जीटी हे बंदिस्त जागेच्या आकारमानावरून निघतं, वजनाशी त्याचा संबंध नाही. सोलासचे बरेच चॅप्टर आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ५०० जीटी आणि त्यावरच्या मालवाहू जहाजांना लागतात, रेडिओचा चॅप्टर ३०० पासूनच लागतो, आणि नॅव्हिगेशनचा पाचवा चॅप्टर, त्यात वेगळं म्हटलेलं नसेल तिथे, सगळ्याच जहाजांना.

बांधणीची तारीखही नीट बघा. ‘कन्स्ट्रक्टेड’ म्हणजे किल घातली ती, किंवा बांधणीचा तितपत टप्पा गाठला ती तारीख. जहाज मालकाच्या ताब्यात आलं ती तारीख वेगळी, आणि दोन्हींत वर्ष-दोन वर्षांचं अंतर असू शकतं. काही नियम मात्र कराराची किंवा डिलिव्हरीची तारीखही धरतात. ते त्या त्या रेग्युलेशनमध्येच लिहिलेलं असतं.

तपासा: पर्टिक्युलर्स बंद करून पाचही कलमं सांगता येतात का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: योग्य कन्व्हेन्शन

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. जहाज आणि माणसं वाचवण्याचं ते सोलास १९७४. समुद्र घाण होऊ न देण्याचं ते मार्पोल, त्याची सहा ॲनेक्स: तेल, घातक द्रवरूप रसायनं, पॅकिंगमधला घातक माल, मैला, कचरा, हवा. माणसाचं प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट ते एसटीसीडब्ल्यू. टक्कर टाळण्याचे नियम ते कोलरेग १९७२. पगार, जेवण, राहणं, विश्रांती ते एमएलसी २००६, आणि हे आयएमओचं नसून आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) आहे. एवढ्यावरून ओरल्समध्ये माणसं घसरलेली आहेत. विश्रांतीचे तास मात्र एसटीसीडब्ल्यूमध्येही आहेत, म्हणून त्या प्रश्नाला दोन्ही नावं घ्या.

सोलासमधला चॅप्टर पटकन सापडायला हवा. आग असेल तर दोनचा दुसरा भाग, जीव वाचवायची साधनं तीन, रेडिओ चार, नॅव्हिगेशन पाच, माल सहा, धोकादायक माल सात, आयएसएम (कंपनीचं सुरक्षा व्यवस्थापन) नऊ, सिक्युरिटी अकराचा दुसरा भाग, बल्क कॅरिअरसाठी खास बारा. पंधरावा चॅप्टर १ जुलै २०२४ पासून आला, तो औद्योगिक कर्मचारी वाहून नेणाऱ्या जहाजांचा. तुमच्या नोट्स चौदावर थांबत असतील तर त्या किती जुन्या आहेत ते तिथेच कळलं.

## टप्पा ३: लागू होतो का, शब्दाचा अर्थ काय, मग नियम, मग कोड

सगळ्यात मोठी चूक या टप्प्यावर होते, म्हणून इथे सावकाश.

कोणताही चॅप्टर उघडला की आधी ‘ॲप्लिकेशन’ वाचायचं, मग ‘डेफिनिशन्स’, आणि त्यानंतरच हवं ते रेग्युलेशन. पोरं थेट रेग्युलेशनवर उडी मारतात आणि प्रवासी जहाजाचा नियम मालवाहू जहाजाला लावून मोकळी होतात. तिसऱ्या चॅप्टरमध्ये तर प्रवासी जहाजांचं आणि मालवाहू जहाजांचं वेगवेगळं मांडलेलं आहे आणि दोन्हींत शब्द सारखेच दिसतात.

आता लाइफबॉय घेऊ. मालवाहू जहाजाला किती लागतात हे चॅप्टर तीन, रेग्युलेशन ३२ मध्ये आहे, आणि ते लांबीवर ठरतं: १०० मीटरच्या आत ८, १०० ते १५० च्या आत १०, १५० ते २०० च्या आत १२, २०० आणि पुढे १४. आपलं जहाज १९० मीटरचं, म्हणून १२. हा आकडा जहाजावरून आला, पाठांतरातून नाही.

पुढचं रेग्युलेशन ७ मध्ये. दोन्ही बाजूंना निदान एकेका लाइफबॉयला तरती दोरी हवी. एकूण संख्येच्या निदान अर्ध्यांना आपोआप पेटणारा दिवा, म्हणजे आपल्याकडे ६. त्या दिवेवाल्यांपैकी निदान दोघांना धुराचा सिग्नलही हवा आणि ते ब्रिजवरून झटकन सोडता यायला हवेत. आणि दिवा लावलेला लाइफबॉय हा दोरी बांधलेला नसावा. ही शेवटची अट नोट्समध्ये क्वचितच असते, पण डेकवर एक फेरी मारली की इन्स्पेक्टरला लगेच दिसते.

इथपर्यंत सोलास संपलं. लाइफबॉय स्वतः कसा हवा हे सोलास सांगत नाही. ते एलएसए कोडकडे (जीव वाचवायच्या साधनांच्या नियमावलीकडे) बोट दाखवतं. कोडमध्ये: बाहेरचा व्यास ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आतला ४०० पेक्षा कमी नको, वजन निदान २.५ किलो, गोड्या पाण्यात १४.५ किलो लोखंड २४ तास तोलून धरेल. भोवतीची पकडायची दोरी निदान ९.५ मिलिमीटर जाडीची. दिवा निदान २ तास चालेल, धूर निदान १५ मिनिटं निघेल.

कन्व्हेन्शन सांगतं किती, कुठे, कधी. कोड सांगतो ते साधन कसं असावं. आगीसाठी तसाच एफएसएस कोड, सुट्या मालासाठी आयएमएसबीसी, पॅकिंगमधल्या धोकादायक मालासाठी आयएमडीजी, कंपनीच्या व्यवस्थापनासाठी आयएसएम.

तपासा: काढलेलं उत्तर फॉर्म ईशी ताडून बघा. फॉर्मवर आकडा जास्त असेल तर चालतं. कमी असेल तर एक तर तुम्ही चुकलात, नाहीतर ही गोष्ट चीफ मेटला (कॅप्टननंतरच्या डेक अधिकाऱ्याला) आजच सांगायला हवी.

स्वतःला विचारा: जहाजावर २४ जण, बंदरात ६ जण बदलले. निघाल्यावर २४ तासांत अबँडन शिप (जहाज सोडण्याचा) आणि फायर (आगीचा) ड्रिल, म्हणजे सराव, सक्तीचं आहे का? चॅप्टर तीन, रेग्युलेशन १९ म्हणतं की मागच्या महिन्यात त्या जहाजावरच्या ड्रिलमध्ये भाग न घेतलेले लोक २५ टक्क्यांपेक्षा *जास्त* असतील तर. ६ म्हणजे बरोबर २५ टक्के. बदललेले सहा सोडून बाकी सगळ्यांनी गेल्या महिन्यात ड्रिल केलं असेल तर सोलासची अट लागू होत नाही. शहाणा कॅप्टन तरीही ड्रिल घेतोच, आणि बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही असतं.

## टप्पा ४: नंबर वाचायला शिका

एमएससी.४०२(९६) असं दिसलं की घाबरायचं नाही. मेरिटाइम सेफ्टी कमिटीचं ४०२ वं रेझोल्यूशन, कमिटीच्या ९६ व्या बैठकीत मंजूर झालेलं. हे लाइफबोट, रेस्क्यू बोट आणि त्यांच्या सोडण्याच्या यंत्रणेच्या देखभालीचं आहे आणि १ जानेवारी २०२० पासून सक्तीचं आहे. एमईपीसी म्हणजे पर्यावरणाची कमिटी, नुसतं ‘ए’ म्हणजे असेंब्ली. ‘सर्क’ आलं की ते सर्क्युलर: नियमाचा अर्थ लावणारं किंवा मार्गदर्शन करणारं.

रेझोल्यूशन आहे म्हणून सक्तीचं, असं समजू नका. सक्तीचं ते होतं जेव्हा कन्व्हेन्शनचं एखादं रेग्युलेशन त्याचं नाव घेऊन ‘पाळलंच पाहिजे’ म्हणतं. इंग्रजी मजकुरात ‘शॅल’ आणि ‘शुड’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारत चला. एकाच कोडमध्येही काही भाग सक्तीचा आणि काही शिफारशीचा असतो. आयएसपीएसचा (जहाज-बंदर सिक्युरिटीच्या कोडचा) ए भाग सक्तीचा, बी भाग मार्गदर्शनाचा.

## टप्पा ५: तारीख, म्हणजे फेरफार

सातबारा हातात आहे पण फेरफार बघितलाच नाही, तर शेताचा व्यवहार कोणी करत नाही. सोलासची छापील आवृत्ती तसाच जुना उतारा असते. छापल्या दिवसानंतरच्या दुरुस्त्या तिच्यात नसतात. २०२० ची एकत्रित आवृत्ती वापरणाऱ्यांनी २०२४ ची निघाली आहे हे लक्षात घ्यावं, आणि २०२४ ची वापरणाऱ्यांनी त्यानंतरची रेझोल्यूशन्स शोधावीत.

दोन तारखा वेगळ्या ठेवा: मंजूर झाल्याची आणि अमलात आल्याची. मधे साधारण दीड-दोन वर्षं जातात, कधी जास्त. ओरल्सला अमलात आल्याची तारीख विचारतात आणि पोरं मंजुरीची सांगतात.

जुन्या नोट्समुळे आज हमखास चुकणाऱ्या दोन जागा देतो. गार्बेज रेकॉर्ड बुक पूर्वी ४०० जीटीपासून लागायचं. १ मे २०२४ पासून ते १०० जीटीपासून लागतं. दुसरी: लाइफबोटमध्ये न्यायचे टू-वे व्हीएचएफ (हातातले रेडिओ) आणि सार्ट (शोधणाऱ्याच्या रडारवर आपली जागा दाखवणारं यंत्र) यांची तरतूद तिसऱ्या चॅप्टरमध्ये होती, १ जानेवारी २०२४ पासून ती चौथ्या चॅप्टरमध्ये गेली. साधनं तीच, पत्ता बदलला.

आयएमडीजी आणि आयएमएसबीसी दर दोन वर्षांनी बदलतात. आयएमडीजीची ४२-२४ ही दुरुस्ती २०२५ मध्ये ऐच्छिक होती आणि १ जानेवारी २०२६ पासून सक्तीची. पुस्तकाच्या कव्हरवरच हा नंबर असतो. पुस्तक उघडण्याआधी तो वाचा.

सावधान: नवा नियम जुन्या जहाजाला लागतोच असं नाही, आणि लागत नाहीच असंही नाही. ‘अमुक तारखेला किंवा नंतर बांधलेल्या जहाजांना’ असं लिहिलं असेल तर आपली २०१० ची किल आठवा. ‘सर्व जहाजांना, अमुक तारखेनंतरच्या पहिल्या सर्व्हेपर्यंत’ असं असेल तर आपणही त्यात आलो.

## टप्पा ६: फ्लॅग आणि कंपनी

आयएमओ स्वतः कोणाचं जहाज अडवत नाही. नियम अमलात आणतो तो फ्लॅग. भारतीय जहाजासाठी डीजी शिपिंगच्या एमएस नोटीस, ऑर्डर आणि सर्क्युलर बघायची. फ्लॅग पनामाचा किंवा लायबेरियाचा असेल तर त्या त्या प्रशासनाची. तुम्ही भारतीय म्हणून भारतीय नोटीस जहाजाला लागत नाही. तुमच्या सर्टिफिकेटला लागते.

कंपनीचं सेफ्टी मॅनेजमेंट मॅन्युअल सर्वात शेवटी वाचायचं, पण रोजच्या कामात पाळायचं तेच. ते सोलासपेक्षा कडक असू शकतं, सैल नाही. दोन्हींत फरक दिसला तर गप्प बसू नका, चीफ मेटकडे न्या.

## टप्पा ७: आपल्याच मालावर एक सराव

सोयाबीनची ढेप घ्या, जिला प्लांटवाले डीओसी म्हणतात. सुटी, हॅचमध्ये थेट ओतलेली. अशा मालाचं पहिलं पुस्तक आयएमएसबीसी. गोण्यांत किंवा कंटेनरमध्ये असेल तर आयएमडीजी उघडावं लागेल. आधी हे ठरवा, कारण चुकीच्या पुस्तकात बरोबर पान सापडत नाही.

आयएमएसबीसीच्या मागच्या सूचीत मालाचं ठरलेलं नाव शोधा. ‘डीओसी’ तिथे नाही. ‘सीड केक’ आहे, आणि त्याच्या नोंदी एकाहून जास्त आहेत. कोणती आपली हे तेल आणि ओलावा ठरवतं. तेल १.५ टक्क्यांपर्यंत आणि ओलावा ११ टक्क्यांपर्यंत असेल तर यूएन २२१७ (यूएन नंबर म्हणजे धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). तेल त्याहून जास्त आणि ओलावा ११ टक्क्यांपर्यंत असेल तर यूएन १३८६. दोन्ही वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापणारे. धोकादायक नसलेल्या ढेपेची नोंद वेगळी आहे, ग्रुप सीमध्ये. म्हणून मान्यताप्राप्त माणसाचं तेल-ओलाव्याचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय नाव नक्की करायचं नाही. सॉल्व्हंट प्लांटची ढेप असेल तर हेक्झेनचा (तेल काढायच्या ज्वालाग्राही द्रावकाचा) वास राहिलाय का, हेही बघायचं.

तापतो म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरच्या पोराला सांगायला नको. ओला कापूस घरात रचला की दोन दिवसांनी गंजीत हात घालवत नाही. आयएमडीजीत ओल्या कापसाची स्वतःची नोंद आहे, यूएन १३६५, तीही ४.२. कोरड्या वनस्पतिजन्य धाग्यांची वेगळी, यूएन ३३६०, वर्ग ४.१. फरक पाण्याचा आहे, आणि पावसात हॅच उघडं ठेवायचं की नाही याचं उत्तर त्यातच आहे.

आता शेड्यूल पूर्ण वाचा: ग्रुप, धोके, स्टोवेज (माल रचणं), हवामानाची खबरदारी, व्हेंटिलेशन, प्रवासातल्या नोंदी. ढेप हॅचमधला ऑक्सिजनही खाते. तिथून धागा सोलासच्या अकराव्या चॅप्टरच्या पहिल्या भागात जातो, जिथे ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारं हातातलं यंत्र सक्तीचं आहे, आणि तिसऱ्या चॅप्टरमध्ये, जिथे बंदिस्त जागेत शिरण्याचं ड्रिल दर दोन महिन्यांनी आहे.

एका मालावरून तीन पुस्तकं उघडली गेली. असे चार-पाच सराव घरबसल्या करा: वणीचा कोळसा, भंडाऱ्याकडचं मँगनीज, गडचिरोलीचं लोहखनिज.

## टप्पा ८: नॅव्हिगेशनची पुस्तकं अद्ययावत ठेवणं

हे जहाजावरचं काम. सोलासच्या पाचव्या चॅप्टरचं रेग्युलेशन २७ म्हणतं की चार्ट (सागरी नकाशे) आणि प्रकाशनं पुरेशी आणि अद्ययावत हवीत. ॲडमिरल्टीच्या (ब्रिटिश) नोटिसेस टू मरिनर्स, म्हणजे चार्ट-पुस्तकांच्या दुरुस्त्यांचे अंक, आठवड्याला येतात. आपल्या डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसच्या पंधरवड्याला.

१. मागचा आठवडा पूर्ण झाला आहे का ते आधी बघा. मधला एखादा अंक सुटला असेल तर तो आधी.

२. अंकाच्या सेक्शन दोनमधून आपल्याकडचे चार्ट वेगळे काढा. तात्पुरत्या आणि प्राथमिक नोटिसा पेन्सिलीने. कायमच्या दुरुस्त्या शाईने.

३. मग पुस्तकं: सेक्शन चार सेलिंग डायरेक्शन्स, पाच दिव्यांची यादी, सहा रेडिओ सिग्नल्स.

४. दुरुस्ती *झाल्यावर* लॉगमध्ये नोंद. आधी सह्या ठोकून दुरुस्ती नंतर करायची सवय फार जहाजांवर आहे. इन्स्पेक्टर लॉग बघत बसत नाही. तो लॉगमधली एक नोटीस निवडतो आणि म्हणतो, चार्ट दाखव.

ईसीडीआयएसवर (इलेक्ट्रॉनिक चार्टच्या यंत्रावर) अपडेट आपोआप चढतं म्हणून निर्धास्त राहू नका. शेवटचं अपडेट स्वीकारलं गेलं का, हे स्टेटस रिपोर्टवर बघायचं. इंटरनॅशनल कोड ऑफ सिग्नल्स आणि शोध आणि बचावाच्या आयएएमएसएआर मॅन्युअलचा तिसरा खंडही जागेवर आहे ना, ते त्याच फेरीत बघून घ्या.

## टप्पा ९: ओरलमध्ये उत्तराचा क्रम

प्रश्न आला की आधी जहाज सांगा: ‘सर, बल्क कॅरिअर, १९० मीटर, किल २०१०.’ मग कन्व्हेन्शन आणि चॅप्टर, मग आकडा, मग कोडमधलं वर्णन, आणि शेवटी, विचारलंच तर, दुरुस्तीची तारीख. समोरच्याने अर्ध्यात थांबवलं तर थांबा. तो पुढच्या पायरीवर नेतोय.

ओरलच्या आधीच्या आठवड्यात डीजी शिपिंगची साइट एकदा पुन्हा बघा, नवी नोटीस उतरवून घ्या. हे गाडीत बसल्यावर करायचं ठेवू नका. विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्रभर नेट येतं-जातं.

रेग्युलेशनचा नंबर आठवला नाही तर चॅप्टर सांगा आणि कोणत्या पुस्तकात बघाल ते सांगा. अंदाजाने नंबर ठोकू नका. पुढचे तीन प्रश्न त्याच नंबरवर येतात.